वरची दोन बोटं

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने गोळा करणारा एक माणूस होता. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथंच राहिलं. बाकी सगळीकडे तो टापटीप होता. साहेब त्याला टापटीप म्हणत, शेतकरी टापटीपराव म्हणत, आणि बायको रागावली की नुसतंच "अहो टापटीप" म्हणे. हे नाव कुणी कौतुकानं ठेवलं की वैतागून, याची त्यानं कधी चौकशी केली नाही. स्वतःवर खूश असलेली माणसं असल्या भानगडीत पडत नाहीत.

खूश असायला कारणही होतं. बावीस वर्षांत त्याच्या हातून एक पिशवी फाटली नव्हती, एक चिठ्ठी भिजली नव्हती, एका शेताची माती दुसऱ्याच्या नावावर गेली नव्हती. त्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे उभ्या असत. कुणाच्या घरी गेला की दारातल्या चपला जोडीनं लावून मगच आत जाई, आणि आतली माणसं बिचारी ओशाळून जात. एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं ठेवून बसलेला असताना, त्यानं हातानं खुणा करून ट्रेमधला चिमटा सरळ करायला लावला होता.

शेतातही त्याचं तेच. नमुना घ्यायला जाताना बाकीचे लोक खुरपं, घमेलं आणि पिशव्या घेऊन जातात. हा त्याबरोबर एक छोटा कुंचा नेई. शेतात नागमोडी चालत बारा ठिकाणं निवडायची, हे सगळ्यांसारखंच. पण ठिकाण निवडलं की हा आधी तिथं केर काढी. काड्या, पानं, धसकटं बाजूला सारायची. मग खुरपं आडवं धरून वरची दोन बोटं माती खरवडून काढायची, म्हणजे ताटाएवढी जागा कशी लख्ख दिसते. मग त्या लख्ख जागेत वीतभर खोल खड्डा, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एक चकती, ती घमेल्यात. बारा ठिकाणची माती कालवायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. बघत राहावं असं काम.

आणि खरवडलेलं? ते तो शेतात टाकून येत नसे. दुसऱ्याच्या रानात कचऱ्याचे बारा ढीग सोडून यायचं त्याच्या जिवावर यायचं. ते सगळं तो एका पोत्यात भरून घरी आणी. शेतकरी म्हणत, "अहो, राहू द्या, माती तर आहे." त्यावर तो म्हणे, "माती पिशवीत आहे. हा केर आहे."

नव्या नोकरांसाठी त्यानं आपल्या सुंदर अक्षरात एक तक्ता लिहून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावला होता. पहिली ओळ होती: जागा स्वच्छ करून घ्यावी. तिच्याखाली त्यानं पट्टीनं दोन रेघा मारल्या होत्या.

आता या माणसाला बहीण कशी असावी? चार वर्षांनी मोठी, आणि डोक्यापासून पायापर्यंत पसारा. ताईच्या घरात कात्री शोधायला निघालेला माणूस वाटेत चार हरवलेल्या वस्तू शोधून परत येई आणि कात्री तशीच राही. पण टापटीप लहानपणी तापानं फणफणला होता, तेव्हा आठ दिवस त्याच्या उशाशी हीच बसली होती. त्यामुळे तिच्या घरात गेला की तो डोळे अर्धे मिटून घेई आणि चहा पिऊन निघून येई. दारातल्या चपला सोडल्या तर तो फक्त तिच्याच घरात हात आवरून बसे.

ताई शेत करायची. उतारावरचं दीड एकर, वडिलांच्या माघारी काकांच्या आणि या दोघांच्या सामाईक नावावर असलेलं. शेत कसलं, नुसतं नावाला. पाऊस पडला की पाणी मुरायच्या ऐवजी शेतातून चालत खाली जाई आणि जाताना थोडी माती बरोबर नेई. वर राहिलेली माती ऊन पडलं की पापडासारखी कडक होई. मका गुडघ्याएवढा व्हायचा आणि दमायचा. खत टाकावं तर तेही पाण्याबरोबर उताराखालच्या ओढ्याला जायचं, आणि ओढ्याकाठचं गवत मात्र माजायचं.

घरातला शब्द काकांचा. काकांकडे ट्रॅक्टर होता, नांगर होता, आणि चाळीस वर्षं नांगरणीचा धंदा. त्यांच्या नांगराची रेघ अशी सरळ की तिच्यावरून भिंत बांधावी. माणसाची पारखही ते त्याच्या शेतातल्या रेघेवरून करत. अशा माणसाला ताईनं एका सकाळी सांगितलं, "काका, यंदा नांगर घालू नका."

"का? आजारी आहे का शेत?"

"हो."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे बघितलं, जणू त्यालाही हे ऐकू गेलं की काय.

ताईचं म्हणणं असं होतं: मक्याची कणसं काढायची, ताटं तशीच शेतात आडवी करायची. जाळायची नाहीत, विकायची नाहीत, गाडायचीही नाहीत. त्या पांघरुणाखाली जमीन झाकून ठेवायची आणि पुढचं बी टोकणीनं, काडीकचऱ्यातून भोक पाडून, लावायचं. मक्यानंतर घेवडा, घेवड्यानंतर मका. पाण्याला काड्या आडव्या येतील, ते धावायच्या ऐवजी मुरेल. काड्या कुजतील, त्यांचा कर्ब मातीत जाईल, आणि त्याबरोबर त्यांनी जमिनीतून शोषलेलं स्फुरद, पालाश, सगळं हळूहळू परत मिळेल.

"आणि शेत दिसेल कसं?" काकांनी विचारलं.

"माझ्या घरासारखं," ताई म्हणाली.

काका हसले नाहीत. पण भाच्या-पुतण्यांत ही एकच त्यांच्याशी असं बोलायची, आणि ते त्यांना आतून आवडायचं. बराच वेळ हनुवटी खाजवून ते म्हणाले, "तीन वर्षं. तीन वर्षं तू तुझा पसारा कर. दर वर्षी मका निघाला की माती तपासायची. मला आकडेबिकडे कळत नाहीत, कागदावर सेंद्रिय कर्बापुढे जो शब्द लिहितात तो बघणार. आत्ता तिथं 'कमी' आहे. तिसऱ्या वर्षी 'मध्यम' आलं तर शेत तुझ्या पद्धतीनं कर, मी तोंड उघडणार नाही. 'कमी'च राहिलं तर पुढच्या रविवारी सकाळी माझा नांगर. खोल."

"आणि माती न्यायची कुणी?"

काकांनी बोट दाखवलं. टापटीप तेव्हा अंगणातली पडलेली पानं आकारानुसार लावत होता. "ह्यानं. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. हा सख्ख्या बहिणीला एक कण वाढवून देणार नाही."

टापटीपची छाती फुगली. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा सत्कार होता.

पहिल्या वर्षी घेवड्यामागून आलेला मका पिवळा पडला. लोक बांधावर उभे राहून बघायचे आणि जीभ टाळ्याला लावून चुकचुकायचे. काका तर रोज फेरी मारायचे. ताईनं प्रयोगशाळेतल्या मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, काड्या कुजवणारे जंतू आधी स्वतः जेवतात, जमिनीतलं नत्र ओढून घेतात, पिकाला उशिरा वाढतात. थोडं नत्र वरून द्या आणि थांबा. ताईनं दिलं आणि थांबली. तपासणीचा कागद आला: सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक एकतीस. कमी.

दुसऱ्या वर्षी मका पिवळा नव्हता. पावसाचा खंड पडला तेव्हा शेजारच्या रानातली पानं दुपारी गुंडाळून जायची आणि ताईची उघडी असायची. काडी उचलली की खाली ओल, आणि ओलीत गांडुळं. ताई भावाला हात धरून दाखवायला घेऊन गेली. त्यानं गांडुळं बघितली, काड्या बघितल्या, आणि त्याच्या अंगावर काटा आला. बारा ठिकाणी केर काढून, लख्ख करून, त्यानं नमुना घेतला. शून्य पूर्णांक बत्तीस. कमी.

"असं कसं?" ताई म्हणाली.

"माती खोटं बोलत नाही, ताई."

"तू तरी नीट बघितलंस ना?"

हे ऐकून त्याला इतका राग आला की तो तिच्या दारातल्या चपला न लावताच निघून गेला. अर्ध्या वाटेवरून परत आला, लावल्या, आणि मग गेला.

तिसऱ्या वर्षी मका डोक्याच्या वर गेला. काकाही बांधावर उभे राहून शेंड्यांकडे बघायचे. पण करार मक्याचा नव्हता, शब्दाचा होता. मका निघाला. टापटीपनं नमुना घेतला. या खेपेला त्यानं जास्तच काळजी घेतली, बहिणीच्या आयुष्यातला प्रश्न होता म्हणून. कुंचा दोनदा फिरवला. खुरपं दोनदा आडवं धरलं. सोमवारी कागद आला.

शून्य पूर्णांक एकतीस. कमी.

त्यानं तो कागद स्वतः नेऊन दिला. ताईनं वाचला, घडी घातली आणि कुठं ठेवावा ते न सुचून हातातच धरून बसली. "रविवारी येतील म्हणजे," ती म्हणाली. एकदा खोल नांगर फिरला की झाकलेली जमीन उघडी पडणार, तीन वर्षांचं सगळं एका सकाळीत उलटंपालटं होणार, आणि पहिल्या पावसात ओढ्याला जाणार, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. ती रडली असती तर त्याला काही सुचलं असतं. ती उठून चहा टाकायला गेली आणि साखर कुठं ठेवली ते तिला आठवेना.

टापटीप घरी आला तो तोंडात मारल्यासारखा. मागच्या दाराशी पायरीवर बसला. बायको तिथंच तिच्या टबाला पाणी घालत होती. टब म्हणजे कपडे धुवायचा जुना प्लास्टिकचा टब, कड फुटलेला. तीन वर्षांपूर्वी टापटीप तो फेकायला निघाला होता, तेव्हा तिनं हिसकावून घेतला आणि त्यात टोमॅटो लावला. आता त्यातला यंदाचा टोमॅटो भिंतीवर चढून शेजाऱ्यांच्या खिडकीत डोकावत होता, आणि शेजारी तोडून खात होते ते वेगळंच.

"ताईच्या मातीत काही नाही गं," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. काही म्हणजे काही नाही."

बायको हसली. हसायची ही वेळ नव्हती, म्हणून त्यानं वर बघितलं.

"काही नाही? मग हे काय आहे?" तिनं टबाकडे बोट दाखवलं.

"तो टोमॅटो आहे."

"टोमॅटो कशात आहे?"

"मला काय माहीत कशात आहे!"

"तुम्हीच आणून देता की पोत्यातून. बाकीच्यांच्या शेतातला केर मी उकिरड्यावर टाकते. त्यात काही उगवत नाही, घालून बघितलंय मी. ताईंच्या शेतातला तेवढा ठेवून घेते."

"तू खत घातलं असशील."

"पाण्याशिवाय काही घातलं असेल तर माझं नाव बदला."

आता टापटीप हा पुराव्यानं चालणारा माणूस. बायकोला खोटं पाडायची एवढी चांगली संधी सोडणं त्याला शक्य नव्हतं. त्यानं टोमॅटोच्या मुळाशी हात घातला, अर्धा किलो माती काढली, वाळवली, चाळली, पिशवीत भरली, आणि चिठ्ठीवर शेताच्या नावाच्या जागी सुंदर अक्षरात लिहिलं: टब.

गुरुवारी दुपारी मॅडमनी त्याला आत बोलावलं. त्यांच्या हातात कागद होता आणि भुवया कपाळाच्या मध्यावर होत्या.

"हे टब कुठलं गाव आहे?"

"गाव नाही मॅडम. टब आहे."

"सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक ब्याऐंशी. स्फुरद चांगलं, पालाश भरपूर. कुठली माती ही?"

"माती नाही ती. केर आहे. माझ्या बहिणीच्या शेतातला. नमुना घेण्याआधी मी वरचं काढून टाकतो ना, ते."

मॅडमनी चष्मा काढला. "वरचं म्हणजे काय काय काढता?"

"काड्या, पानं."

"ते बरोबर आहे. मग?"

"मग माती."

"किती?"

टापटीपनं दोन बोटं आडवी धरून दाखवली. बावीस वर्षं त्याच दोन बोटांनी मोजलं होतं. मॅडम त्या बोटांकडे बघत राहिल्या, आणि त्याला पहिल्यांदाच ती बोटं आपली नसावीत असं वाटलं.

"नांगरलेल्या शेतात हे चालून जातं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. त्या चांगल्या बाई होत्या, त्यांना ओरडता आलं असतं. "तिथं वीतभर माती सगळी कालवलेली असते. वरची दोन बोटं काढली काय, खालची काढली काय, सारखंच. म्हणून बावीस वर्षं कुणाला कळलं नाही. पण तुमच्या बहिणीनं नांगर बंद केलाय. तिथं काड्या वर कुजतात, जे साठतं ते आधी वरच साठतं. खाली उतरायला वर्षं लागतात. तुम्ही दर वर्षी साय काढून टाकलीत आणि दूध तपासायला आणलंत."

"साय घरी नेली," टापटीप म्हणाला. आणि खुर्चीवर बसला. परवानगी न घेता, आणि खुर्ची तिरकी असताना.

शुक्रवारी तो कामाला गेला नाही. विचार करत राहिला, आणि विचार काही सोज्वळ नव्हते, ते सांगून टाकलेलं बरं. गुपचूप जावं, नवा नमुना नीट घ्यावा, नवा कागद आणावा, म्हणावं, या खेपेला चढला आकडा. कुणाला कळतंय? पण काकांना कळलं असतं. सोमवारी 'कमी' आणि रविवारी 'मध्यम'? काका म्हणाले असते, शेवटी बहिणीसाठी कण वाढवलाच. ताईचं शेत वाचवायचं तर एकच रस्ता होता. चूक माझी, असं ट्रॅक्टरसमोर उभं राहून सांगायचं. ज्या माणसाची छाती विश्वासाच्या एका वाक्यानं फुगली होती, त्यानंच ते वाक्य काकांच्या तोंडात परत घालायचं. त्यापेक्षा केर खाणं सोपं होतं.

रविवारी सकाळी त्यानं शेजाऱ्याची हातगाडी मागून आणली. तिच्यावर टब चढवला. टोमॅटो भिंतीवरून सोडवून, काठ्यांना बांधून, उभा केला. बायको एका बाजूनं धरायला निघाली. रस्त्यावरनं अशी मिरवणूक चालली: पुढं टापटीप, मध्ये डुलणारा टोमॅटो, मागं बायको, आणि मध्येच एखादं पिकलेलं फळ गाडीतून टपकन खाली.

"टापटीपराव, घर बदलताय?" पानाच्या टपरीवरच्यानं विचारलं.

"नाही."

"मग झाडाला फिरायला नेताय?"

 त्यानं पडलेलं फळ उचलून, पुसून, टपरीवाल्याच्या फळीवर ठेवलं.

शेताच्या बांधावर काकांचा ट्रॅक्टर उभा होता, नांगर खाली टेकलेला. ताई बाजूला दगडावर बसली होती. हातगाडी बघून काकांनी इंजिन बंद केलं. एवढा विचित्र प्रकार इंजिन चालू ठेवून बघण्यासारखा नव्हता.

"काका," टापटीप म्हणाला. "नांगर घालू नका. कागद चुकीचा आहे. तिन्ही वर्षांचे. माझी चूक आहे."

मग त्यानं सगळं सांगितलं. कुंचा, खुरपं, दोन बोटं, पोतं, टब. एकही गोष्ट झाकली नाही, अगदी या वर्षी खुरपं दोनदा फिरवलं तेसुद्धा. ताईनं तोंडावर हात धरला. ती हसते आहे की रडते आहे ते त्याला कळेना, आणि बघायचा धीरही झाला नाही.

"म्हणजे तीन वर्षं," ताई म्हणाली, "मी वर साठवत होते आणि तू झाडून घरी नेत होतास?"

"हो."

"आणि त्यावर वहिनी टोमॅटो खात होती?"

"शेजारी खात होते," बायको म्हणाली. "आम्हाला उरतच नव्हते."

आता मात्र ताई हसत होती, हे उघड होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हसत होती. "मेल्या," ती म्हणाली, "लहानपणी तुला तापातून उठवला ना, तेव्हाच विचार करायला हवा होता."

काका ट्रॅक्टरवरून उतरले. टबाशी गेले, मूठभर माती घेतली, दाबली, मोकळी केली. ती पोळीच्या पिठासारखी गोळा झाली आणि बोट लावल्यावर सुटी झाली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि बराच वेळ तिथंच धरली. मग खुरपं टापटीपच्या हातात दिलं. "घे नमुना. माझ्यासमोर. कुंचा मला दे."

ते बारा नमुने टापटीप जन्मात विसरला नाही. काड्या हातानं बाजूला करायच्या, आणि मातीला हात लावायचा नाही. समोर काळसर, चुरा पडलेली, मुळांचे धागे आणि गांडुळांची विष्ठा असलेली माती, आणि ती जशीच्या तशी घ्यायची! प्रत्येक ठिकाणी त्याचं खुरपं आपोआप आडवं व्हायचं आणि मागून काका खाकरायचे. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे वरच्या तीन बोटांची माती एका पिशवीत आणि त्याखालची वीतभर दुसऱ्या पिशवीत. 

"कागद येईपर्यंत थांबतो," काका म्हणाले, आणि नांगर वर उचलून निघून गेले.

कागद आला त्या संध्याकाळी चौघंही बांधावर होते. टापटीपनं पाकीट फोडलं नव्हतं. ताईनं फोडलं, तेही वेडंवाकडं, आणि त्यानं मान फिरवली.

"वरची तीन बोटं: शून्य पूर्णांक अठ्ठावन्न. मध्यम," तिनं वाचलं. मग थांबली. खोटं वाचणं तिच्याही रक्तात नव्हतं. "खालची: शून्य पूर्णांक तेहतीस. कमी."

"म्हणजे पास की नापास?" काकांनी विचारलं.

 करार एका शब्दाचा होता आणि कागदावर दोन आले होते. आता काका काय म्हणतील तेच खरं, आणि ताईचा जीव टांगणीला लागला होता. तिनं कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

काका वाकले. त्यांच्या वयाला ते सोपं नव्हतं. एक काडी उचलून त्यांनी खालच्या मातीत बोटं रुतवली, उभी, आणि कुठवर काळं आहे ते बघितलं. दोन बोटं, थोडं जास्त.

"मी पहिला ट्रॅक्टर आणला तेव्हा," ते मातीकडे बघतच म्हणाले, "हे शेत सगळ्यात आधी नांगरलं. तुमचा बाप नको म्हणत होता. म्हणाला, दादा, उतार आहे, हलक्या हातानं घे. मी तरणा होतो. ट्रॅक्टर नवा होता. वरनं खाली सरळ रेघा मारल्या, खोल. लोक बघायला आले होते. आठ दिवसांनी पाऊस झाला आणि त्या रेघांतून सगळी काळी माती ओढ्याला गेली. एका दुपारीत. अशीच होती ती. हाच वास." त्यांनी बोटं पुसली नाहीत. "तुमचा बाप मला एका शब्दानं बोलला नाही. म्हणून मीही कधी बोललो नाही."

ताईनं कागद खिशात टाकला.

"गेलेली माती परत येते होय?" काकांनी विचारलं. चाळीस वर्षं नांगर चालवलेल्या माणसानं ते अगदी लहान पोरासारखं विचारलं.

"येते, काका. हळू येते. तीन वर्षांत दोन बोटं आली."

"मग मला आता घाई करून चालायचं नाही," काका म्हणाले, आणि ताईच्या हाताचा आधार घेऊन उठले. नांगर त्यांनी पुढं दुसऱ्यांच्या शेतात चालवला, पण या उतारावर परत कधी आणला नाही.

टापटीपचं एक काम राहिलं होतं. बायकोची परवानगी काढून, टोमॅटोचा हंगाम संपल्यावर, तो टब परत हातगाडीवर घालून शेतात घेऊन आला. प्रयोगशाळेतला तक्ता त्यानं त्याआधीच बदलला होता. पहिल्या ओळीवर काट मारून बाजूला लिहिलं होतं: काड्या सारा, मातीला हात लावू नका. काट तशीच ठेवली होती, नवा कागद घेतला नव्हता. नव्या नोकरांना दिसू दे, असं तो म्हणाला.

शेतात त्यानं आपली जुनी ठिकाणं शोधून काढली. तीन वर्षांची छत्तीस. त्याला सगळी आठवत होती, असला माणूस काही विसरत नाही. प्रत्येक ठिकाणी ओंजळ ओंजळ माती परत घातली आणि वरून हातानं काड्या पसरल्या. पसरताना त्या आधी एका दिशेनं लागल्या. त्यानं बघितलं, थांबला, आणि विस्कटल्या.

"ए टापटीप," बांधावरून ताईनं हाक मारली, "चहा झालाय. कपबश्या सापडल्या की देते."

"तू बस," तो म्हणाला. "मी शोधतो."